मापाड्याच्या हाताचा काटा

गोदामातली नोकरी सुटून बराच काळ झाला, तरी गल्लीत त्याला सगळे मापाडीच म्हणायचे. बायकोसुद्धा. त्यात चूक काय? सारा जन्म धान्याची पोती तोलण्यात गेला. पुढे पुढे तर काटाही लागेना. भोपळा उचलला की वजन सांगायचा. एकदा शेजारणीचं बाळ कडेवर घेऊन सांगितलं आणि मग शेजारीणबाईंच्याच वजनाचा अंदाज बांधायला लागला. तेव्हापासून ती बोलेनाशी झाली.

कोंबड्या आल्या त्या सासूबाईंमुळे. मागच्या थंडीत त्या दवाखान्यातून सुटल्या आणि थेट लेकीच्या घरी आल्या. पायांत बळ नव्हतं, म्हणून गाडीपासून खोलीपर्यंत जावयानंच त्यांना उचलून आणलं. डॉक्टर म्हणाले होते, रोज एक अंडं द्या. मापाड्यानं तेवढंच मनावर घेतलं आणि मागच्या अंगणात खुराडं ठोकलं.

"एका अंड्यासाठी एवढा खटाटोप?" बायको म्हणाली.

"एका नाही, रोजच्या," हा म्हणाला, आणि जिंकल्यासारखा हातोडी घेऊन परत गेला.

जमवलेला गोतावळाही बघण्यासारखा. अंड्यावर आलेल्या काही कोंबड्या, वयात यायला अजून अवकाश असलेल्या तलंगा, हेडबाई नावाची एक म्हातारी आणि पोस्टमास्तर नावाचा कोंबडा. आता यांना जेवायला घालायचं म्हणजे काय सोपं आहे? अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी चुन्याचा अंश भरपूर लागतो. तोच रोज तलंगांच्या पोटात गेला तर त्यांना बाधतो, आणि पोस्टमास्तरला त्याचा उपयोगच नाही. दुकानदार म्हणाला, प्रत्येकाचं खाद्य वेगळं घ्या. घेतलं असतं हो, पण पोस्टमास्तर स्वतःचं टाकून दुसऱ्याच्याच ताटात तोंड घालणार, त्याचं काय?

शेवटी मापाड्यानं घरातलाच न्याय लावला. स्वयंपाक सगळ्यांचा एकच, तिखट ज्यानं त्यानं वरून घ्यावं. गिरणीतून मक्याचा भरडा आणला, गव्हाचा कोंडा आणला, तेलाच्या घाण्यावरून शेंगदाण्याची पेंड आणली. त्यात सुक्या मासळीचा चुरा आणि दुकानातली जीवनसत्त्वांची पूड मिसळली. हे सगळ्यांना. शिंपल्यांचा चुरा मात्र कोपऱ्यात वेगळ्या वाडग्यात. जिला हवा ती आपणहून जाऊन टिपायची. विकतच्या तयार खाद्यापेक्षा स्वस्त पडलं आणि अंडीही टणक कवचाची यायला लागली. बायको सकाळी लाँड्रीत कामाला जाण्याआधी आईसमोर बसून एक अंडं खाऊ घालायची. मापाड्याची मान ताठ झाली.

आणि मग अंडी थांबली.

आधी एकीची, मग दुसरीची, मग सगळ्यांची. मापाड्यानं एकेकीला उचलून पाहिलं तर ह्या जड लागल्या. चरबी चढली की कोंबडी अंडी देत नाही, म्हणून त्यानं भरडा कमी केला, पेंड वाढवली. तरी त्या आणखी जड झाल्या. मोजून घालतोय मी आणि फुगतायत ह्या, म्हणजे काय हवा खातात? शेजारीणच चोरून खायला घालते असा त्यानं संशय घेतला, तेव्हा तिनं कुंपणावरून असं काही सुनावलं की बोलणं परत सुरू झालं म्हणायचं.

बायकोनं निकाल दिला. "अंडी बाजारातूनच आणायची तर ह्यांना पोसायचं कशाला? रविवारी खाटीक येईल."

मापाड्याला एकच समाधान उरलं होतं. सासूबाईंचं जेवण. दुपारी तो खिडकीजवळच्या स्टुलावर त्यांचं ताट ठेवायचा आणि स्वयंपाकघरात रेडिओ लावून स्वतः जेवायला बसायचा. ताट परत यायचं ते धुतल्यासारखं स्वच्छ. "आईंचं पोट अगदी उत्तम," तो बायकोला सांगायचा. रात्री त्या दोनच घास खायच्या, पण दुपारचं अजून पोटात आहे म्हणायच्या. मग काय बोलणार?

शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, उद्या जायच्या ना त्या? एकदा जवळून बघू द्या."

अंगणाची पायरी उंच, तिथून त्यांना काठीनं उतरता येईना. मापाड्यानं त्यांना उचललं आणि पायरीवरच थांबला. थंडीत उचललं होतं ते वजन त्याच्या हातांना पाठ होतं. हे त्याहून कितीतरी कमी होतं.

त्यानं त्यांना हळूच खुर्चीत बसवलं. कोंबड्या धावत आल्या. मालकाकडे ढुंकूनही न बघता सगळ्या सासूबाईंभोवती जमल्या. हेडबाई तर मांडीवरच चढली आणि शालीची घडी टोचायला लागली. घडीतून भात सांडला.

"आई, दुपारचं कोण जेवतं?"

"थोडं मी, थोडं ह्या."

"थोडं तुम्ही म्हणजे किती?"

"मापाडी तुम्ही. तुम्हीच सांगा."

मापाडी चिडला. "भूक नव्हती तर सांगायचं होतं."

"भूक असते हो," सासूबाई म्हणाल्या. "एकटीला घास उतरत नाही. लेक कामावर, तुम्ही तिकडे रेडिओपाशी. ह्या खिडकीखाली येतात, माझ्याकडे बघत खातात. त्यांना घालता घालता ताट संपतं."

मापाड्याला लाज वाटली. अगदी आतून वाटली. भिंतीपलीकडे बसून हा रोज ताट स्वच्छ झालं म्हणून खूश होत होता.

रविवारी खाटीक आला. त्यानं एक कोंबडी हातात तोलली. "मस्त भरल्यात."

"भरणारच. माझ्या सासूचं जेवण आहे ते," मापाडी म्हणाला आणि कोंबडी काढून घेतली. बायकोला सगळं कळलं तेव्हा ती आधी आईवर ओरडली, मग नवऱ्यावर, मग रडली, आणि मग तिनं खाटकाला चहा देऊन वाटेला लावलं.

तेव्हापासून खिडकीजवळ दोन ताटं असतात. रेडिओ बंद. कोंबड्यांना पालेभाजीची देठं आणि मोजका भरडा. हळूहळू त्या हलक्या झाल्या आणि अंडीही परत आली. सासूबाई शेवटचा घास अजून खिडकीबाहेर टाकतात. तेवढ्यानं काही बिघडत नाही, म्हणून मापाडी त्या वेळी छताकडे बघत बसतो.

परवा त्यांना पुन्हा अंगणात यायचं होतं. मापाड्यानं उचललं आणि त्याच्या कमरेत कळ आली.

"जड झालात, आई," तो म्हणाला.

"मग ठेवा खाली. कमरेला लागेल."

पण मापाडी काही केल्या खाली ठेवायला तयार होईना.