भावाच्या गाडीचे मडफ्लॅप

गाडी माझी नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आईही तेच करते. आमच्या आलापल्लीच्या घरासमोर थांबून कुणी "गाडी घेतली काय बाई?" असं विचारलं की आई माझ्याकडे न बघता उत्तर देते, "पोराची आहे. पोरगी फक्त चालवते." पोरगी म्हणजे मी. पन्नाशीला टेकलेली, लग्न न झालेली, पोस्टात नोकरी करणारी पोरगी.

भाऊ माझ्याहून बराच धाकटा. चंद्रपुरात नोकरीला होता तेव्हा त्याने ही पांढरी गाडी घेतली. मार्कंड्याच्या देवळात नेऊन तिला हार घातला, नारळ फोडला, आणि वर्षभरात त्याला पुण्याची नोकरी लागली. तिथे भाड्याच्या घराला गाडी उभी करायची सोय नव्हती. "ताई, स्वतःचं घर झालं की येऊन घेऊन जातो. तोवर तू चालव, उभी राहिली तर बॅटरी बसते," असं म्हणून त्याने ती आमच्या अंगणात लावली आणि गेला. त्याला आता तीन वर्षं होतील. मध्ये एकदा तो कुणाच्या तरी लग्नाला नागपूरपर्यंत आला होता, पण पुढे घरी यायला त्याला वेळ नव्हता. आईने त्याच्यासाठी तलावातले झिंगे मागवून ठेवले होते. ते मग आम्ही दोघींनीच संपवले.

माझं पोस्ट एटापल्लीला आहे. सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज घेऊन ट्रक याच रस्त्याने खाली येतात. एकामागे एक, ताडपत्री बांधलेले, थांबायचं नाव नाही. डांबर कुठे आहे, कुठे नाही. मधली गिट्टी उखडून वर आलेली, आणि त्यावर लाल धूळ. समोरून ट्रक आला की छोट्या गाडीने कडेला उतरायचं आणि कडेला जागा नसेल तर मागे घ्यायचं, असा इथला न लिहिलेला नियम आहे. मी नोकरीत जेवढी पुढे गेले नसेन तेवढी या रस्त्यावर मागे गेले आहे. संध्याकाळी घरी पोचते तेव्हा कंबर, मान, खांदे सगळं वेगवेगळं दुखत असतं, आणि कुणाशी बोलणंसुद्धा जिवावर येतं.

या रस्त्याने गाडीच्या रंगाची वाट लावली. ट्रकने उडवलेल्या खड्यांचं आपण काही करू शकत नाही. पण आपलंच पुढचं चाक खडे उचलून मागे आपल्याच पत्र्यावर मारत असतं. दाराच्या खालच्या अंगाला टकटक आवाज येत राहतो, रंगाचे बारीक टवके उडतात, आणि पाणी लागलं की तिथे गंज धरतो. मला हे दिसत होतं. दिसत होतं आणि मी सोडून देत होते, कारण माझ्याच अंगात त्राण नव्हतं.

भाऊ दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आईशी दोन मिनिटं बोलून झालं की म्हणतो, "ताई, जरा गाडी दाखव." पुण्याला गेल्यापासून त्याचं 'मले', 'तुले' गेलं, आता तो बातम्या वाचणाऱ्यासारखा बोलतो. तर अशाच एका रविवारी मी फोन घेऊन गाडीभोवती फिरत होते आणि तो ओरडला, "थांब, थांब! दाराखाली ते काय आहे? ताई, अगं टवके उडालेत! मडफ्लॅप बसवून घे ना चारही चाकांमागे, खडे अडतील." मी हो म्हटलं. मला ते तिथेच विसरायचं होतं, पण आई मागेच उभी होती.

"काऊन वं, सांगून राह्यला ना तो? मंग कधी लावतं?"

"लावतो ना आई. सुट्टी भेटू दे."

"गाडी खराब झाली तं तो म्हणन, आता काय न्याची तिले. मंग कायले येते तो?"

आईचा हिशेब असा सरळ होता. गाडी काही पार्सलने जात नाही. ती न्यायला त्याला स्वतःच यावं लागणार. गाडी नवीसारखी राहिली तर तो येणार. म्हणून ती दर दोन दिवसांनी ओलं फडकं घेऊन गाडी पुसायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, तर ही बाई बुटक्या पिढ्यावर बसून चाकं पुसायची. मी ओरडले की म्हणायची, "बसून आहो ना, वाकून थोडी राह्यली."

पुढे तिच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी चंद्रपूरला गेलो तेव्हा दवाखान्यातून बाहेर पडताच तिने विचारलं, "ते मडफ्लॅपचं दुकान कुठी आहे?" काळा चष्मा लावून ती माझ्याआधी दुकानात शिरली. दुकानदाराने काउंटरवर दोन प्रकार ठेवले. एक कडक प्लास्टिकचे, आखूड, त्या गाडीच्याच मापाचे, चाकाच्या कमानीत क्लिपवर बसणारे. दुसरे काळ्या रबराचे, रुंद आणि लांबलचक, जवळजवळ जमिनीपर्यंत येणारे.

आईने चष्मा कपाळावर चढवला. बाजारात सूप निवडावं तशी ती एकेक फ्लॅप हातात घेऊन वाकवून बघू लागली. प्लास्टिकचा तिने लगेच बाजूला सारला.

"हे एवढंसं काय अडवन? हे लंबं द्या."

"आई, मले रोज गाडी मांगं घ्या लागते. लंबा फ्लॅप चाकाखाली येते."

"तं मांगं नोको घेऊ."

दुकानदार हसला. मीही हसले, आणि हसता हसता मला इतका राग आला की मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. रोज समोरून ट्रक येतो तेव्हा गाडीत मी एकटी असते. मागे कुठे वळण आहे, कुठे नाला आहे, हे मान मोडून मी बघते. त्या रस्त्यावर न फिरलेल्या माणसाने मला 'मागे घेऊ नको' म्हणावं, हे त्या दिवशी फार लागलं.

आत आले तर नवाच वाद चालू होता. दुकानदार म्हणत होता, "आजी, रबरवाला पाह्यजे तं दोन स्क्रू मारा लागते. छोटासा छेद करू पत्र्याले, दिसत बी नाई." आई म्हणत होती, "त्याच्या गाडीले भोक नाई पाडू देणार मी." शेवटी चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराचे जे आधीचे स्क्रू होते त्यांच्यावरच पट्टी आवळून रबरी फ्लॅप बसवायचं ठरलं. बसवून होईपर्यंत आई ड्रिलमशीनवर नजर ठेवून स्टुलावर बसली होती. वाद घालायलाही ताकद लागते, आणि अजून आलापल्लीपर्यंत गाडी मलाच चालवायची होती.

खरं सांगायचं तर टकटक थांबली. पण त्याऐवजी प्रत्येक गतिरोधकावर फ्लॅप जमिनीला घासून फरफर वाजायचे, आणि चिखलात गाडीचा वेग वाढला की मागे कुणीतरी ओले कपडे आपटतंय असं वाटायचं. महिनाही गेला नसेल. एका वळणावर ट्रक आला, कडेला चर खणलेला, म्हणून मी गाडी मागे घेतली. डावा फ्लॅप चाकाखाली आला आणि त्याच्याबरोबर चाकावरचं प्लास्टिकचं अस्तरही अर्धं ओढलं गेलं. ट्रकवाला हॉर्न देत होता. मी उतरले, साडीचा पदर खोचला आणि टपालाच्या पिशवीला बांधायची सुतळी घेऊन ते लोंबतं अस्तर कसंबसं बांधलं. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तिथे मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटायचं काही कारण नाही.

घरी पोचले तर आई अंगणातच होती. सुतळी तिला लगेच दिसली.

"पत्र्याले काई झालं नाई ना?"

मी पायरीवर बसले. "आई, एखाद्या रोजी मले बी इचार ना. तुले काई झालं नाई ना म्हणून."

ती म्हणाली, "तुले काय होते वं? तू तं माह्या डोळ्यासमोर आहेस." आणि चहा ठेवायला आत गेली. ती हे प्रेमाने म्हणाली होती, हे मला कळत होतं, आणि तरी तो चहा मला गोड लागला नाही. पुढच्या सुट्टीत मी गावातल्या मेकॅनिककडून आखूड प्लास्टिकचे फ्लॅप बसवून घेतले. आईने त्यावर बोट फिरवून "हे तं लय लहान आहे" एवढंच म्हटलं.

त्यानंतर पावसाळा सरत आला असताना भावाचा फोन आला, रविवार नसताना. मी ट्रक जायची वाट बघत कडेला उभी होते.

"ताई, आनंदाची बातमी! फ्लॅटचा ताबा मिळाला. पार्किंगसुद्धा आहे."

म्हणजे गाडी गेली, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं की जाऊ दे, आईला पोरगा तरी दिसेल. मी विचारलं, "मग न्यायला कधी येतोस?"

"अगं, ती कुठे आणू आता एवढ्या लांब? मी नवी बुक केली. ऑटोमॅटिक. ती तूच ठेव. सह्या करून कागद पाठवतो, तुझ्या नावावर करून घे. तीन वर्षं तूच सांभाळलीस की."

मला आनंद झाला. खूप झाला. मला कुणी काही दिल्याची गोष्ट पटकन आठवत नाही, आणि इथे आख्खी गाडी. उरलेल्या रस्त्यात एक खडा दारावर टक्कन बसला आणि मला काहीही वाटलं नाही. माझी गाडी, माझा टवका. घराच्या वळणावर आई दिसली तेव्हा कुठे लक्षात आलं की हे तिला सांगायचं आहे.

हातपाय धुऊन मी सांगितलं. जमेल तेवढं हसत सांगितलं. ती ऐकत राहिली. तिला नव्या घराचं काही विचारायचं नव्हतं, नव्या गाडीचं तर नाहीच.

"मंग आता तो कायले येईन?"

मी म्हटलं, येईल की, सणाला येईल. तिने मान हलवली.

"तू त्याले फोन लाव. मले नाई पाह्यजे म्हण. तुही गाडी तू येऊन घेऊन जा म्हण."

"आई, मले पाह्यजे वं."

"मले तो पाह्यजे."

मी फोन लावला. ती माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसली. "मला नको तुझी गाडी," मी म्हटलं. "तू स्वतः ये आणि घेऊन जा."

तो क्षणभर गोंधळला. "ताई, रागावलीस का? अगं नको असेल तर विकून टाक ना तिथेच, एवढं काय त्यात! ऐक, मी मीटिंगमध्ये आहे, रविवारी बोलू." फोन बंद झाला.

आईला पलीकडचं ऐकू आलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणला?"

"बघतो म्हणला."

"येतो म्हणला?"

"हो. येतो म्हणला."

"कधी?"

"दिवाळीच्या मांगंपुढं."

आईचा चेहरा असा खुलला की मला तिच्याकडे बघवेना. ती उठली, दारात जाऊन गाडीकडे बघत उभी राहिली, आणि तिथूनच म्हणाली, "तं तवापावतर तू बसनं जात जा वं. उगाच गिट्टी लागते तिले."

मी बरं म्हटलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.