मंडईतले मोबाइल

माहा नवरा राजकुमार नागपूरच्या डॉक्टरीणबाईचा हात सानगडीच्या दवाखान्यात आणते. म्हणजे असं, बाई तिकडं दांडा दाबते, इकडं मशीनचा हात पेशंटच्या पोटावर दाबते, अन् पोट कडक का नरम, ते बाईच्या हाताले तिकडंच समजते. मधातला नेटवर्कचा रस्ता याचा. पापणी लवायच्या आत स्पर्श पोचला पाहिजे, नाही त सारं बेकार. या कामापायी यानं जेवण सोडलं, झोप सोडली, मले त कवाचंच सोडलं.

दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आली. नणंद मेघा मंडईले माहेरी आलेली, आठवा महिना. दुपारी म्हणते, "वहिनी, सकाळपासून बाळ हालून नाही राहिलं."

"भंडाऱ्याले गाडी काढा," मी राजकुमारले म्हटलं.

"कायले? माही मशीन हाये न. दोन मिनिटांत बाई पाहते."

मेघाले दवाखान्यात नेलं. मशीनचा हात पोटावर टेकला अन् थरथरला. बाईनं तिकडं सोडलं तरी मशीनचा हात दाबूनच राहिला. मेघा ओरडली, तसा राजकुमारनं बटण दाबून तो उचलला. "टावर भरला," म्हणे. भरन नाही त काय? दहा गावची माणसं दंडारीचं नाच-नाटक पाहाले आली होती, अन् जो तो मोबाइलवर लाइव्ह दाखवून राहिला होता. यानं टेस्टिंग केली रोवणीच्या दिवसांत, सारं गाव धानाच्या बांधीत असताना. सानगडीत जलमला अन् मंडई इसरला. अक्कल गहाण ठेवली होती का याची?

तो पळत गेला, दंडार थांबवली, माइक घेतला. "हात जोडतो, सारे मोबाइल बंद करा. माही बहीण हाये." माणसं बरी आमची. साऱ्यांनी बंद केले.

मंग मशीनचा हात नीट चालला. हळूच दाबला, थांबला.

"लाथ लागली," तिकडून बाई म्हणाली, "पण फार क्षीण आहे. आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला न्या."

राजकुमारनं ॲम्बुलन्सवाल्या विक्कीले फोन लावला. बंद. जीपवाल्या कवडूले लावला. बंद. सारे मंडईत होते, अन् याच्याच सांगण्यानं बंद करून बसले होते.

तो पुन्हा पळाला. तिकडं दंडारीची ढोलकी परत सुरू झाली होती.

"वहिनी, गाडी आली का?" मेघानं विचारलं. मी तिच्या पोटावर हात ठेवला. मधात ना टावर, ना मशीन. तरी माह्या हाताले काहीच लागलं नाही.