आखाजीला घ्यायला आलेला माणूस

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. नाइट ड्यूटीला पोस्टमॉर्टेम रूमच्या शेजारी बसून मी निवांत डबा खाल्लेला आहे. इतकी माणसं डोळ्यांसमोर गेली, पण एकही परत येऊन "सिस्टर, कशा आहात?" म्हणालं नाही. त्यामुळे ह्या सदरातले अनुभव मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. आता माझी पाळी. हसा खुशाल.

आम्ही जळगावात, पिंप्राळ्याला राहायचो. माझं माहेर शिंदखेड्याचं. आई-वडील गेले, मागे धाकटा भाऊ बापू. मला 'अक्का' म्हणणारा जगात तो एकटाच. बाकी सगळ्यांची मी सिस्टर, नाहीतर काकू.

खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी सांगते — आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे तिचं महत्त्व दिवाळीहून जास्त. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि लेक आपली आपण पिशवी उचलून येत नाही. माहेरचं कुणीतरी तिला घ्यायला यावं लागतं. मग ती साठीची का असेना!

तर आई गेल्यावर बापूने जुनं घर पाडून नवीन बांधलं. त्यात दारातलं लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, झाड गेलं. माझा झोका त्याच झाडाला असायचा. आखाजीला गेले तेव्हा मी भरल्या घरात त्याला बोलले, "झाड तोडताना एकदा विचारायचंस तरी." तोही तापट, म्हणाला, "तुझं काय आहे इथे, तुला विचारायला?"

झालं. त्या आखाजीला मी जेवण न करता निघाले. पुढच्या आखाजीला कुणी घ्यायला आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. फोन दोघांच्याही हातात होता, पण आधी कोण करणार? मी मोठी, मी का करू? तो म्हणत असणार, ती रुसून गेली, मी का करू? मिस्टर म्हणायचे, "तुम्हा बहीण-भावाला एकाच मातीचं केलंय." मी वरवर हसायचे. सण आला की मात्र शेजारणींकडे भाऊ यायला लागत आणि मी खिडकी लावून घ्यायचे.

रिटायर झाल्यावर मी हट्ट धरला — तळ्याकाठी एखाद्या लहान गावात घर घ्यायचं, अंगणात लिंब असलेलं. मिस्टरांना नाशिकला लिफ्टवाला फ्लॅट हवा होता. मी स्पष्ट सांगितलं, "मला माहेर नाही, मी ते विकत घेणार." बिचाऱ्यांनी नाशिकचा विषय सोडून दिला.

साक्री तालुक्यात, हायवे सोडून आत गेलं की तळ्याकाठी एक बाजाराचं गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या तिथे रिसॉर्ट उभं राहील. तिथल्या एका एजंटशी मी फोनवर बोलले होते. त्याने दोन घरं दाखवली, दोन्हींच्या अंगणात फरशी, झाडाचा पत्ता नाही. "दुसरं काही निघालं तर माणूस पाठवतो," म्हणाला होता.

आखाजीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळची भांडी आवरत होते, तर दारात एक माणूस उभा. साठीपुढचा, पांढरा शर्ट-पायजमा, टोपी, खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यातून डांगर डोकावतंय. डांगर म्हणजे खरबूज. आखाजीला पितरांची घागर भरतात, तिच्यावर ते ठेवायचं असतं. माणूस हसून म्हणाला,

"अक्का, चाल. तुले लेवाले उनू."

तुला घ्यायला आलो! खरं सांगते, वाटलं, बापूनेच पाठवला... मग डोकं ठिकाणावर आलं. एजंटचा माणूस असणार. खेड्यातल्या माणसाच्या तोंडी अक्का काय, कुणालाही येतं. पाणी दिलं, ते तांब्याभर प्यायले. नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कसाले? चाल, आखाजी शे ना!" मिस्टरांनीही गाडी काढली. मागच्या सीटवर ते टोपीवाले पिशवी मांडीवर घेऊन बसले. एरंडोल, पारोळा, धुळे... सगळा रस्ता मिस्टरांशी पीकपाण्याच्या गप्पा. मिस्टरांना शेतीतलं ओ की ठो कळत नाही, पण हूं हूं चाललं होतं.

गावात शिरल्यावर ते सांगतील तसे वळत गेलो आणि एका बैठ्या, कौलारू घरासमोर थांबलो. अंगणात मोठा लिंब, खाली गार सावली आणि कुंपणापलीकडे थेट तळं! बगळे, म्हशी, पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया. मी तर गाडीतून उतरायचंच विसरले.

"पानी शे, झाड शे, बठ्ठं शे. आनखी काय जोयजे? घर दखी ले, अक्का," ते मागून म्हणाले. खरंच, सगळं होतं; आणखी काय पाहिजे?

ओट्यावर घरमालक बसले होते, त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांना म्हटलं, घर बघायला आलोय. नाना आमच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी आत नेऊन सगळं दाखवलं. बाहेर आलो तर गाडीजवळ कुणी नाही. सीटवर डांगर तेवढं होतं, पिशवीशिवाय.

"तो एजंटचा माणूस कुठे गेला?" मी विचारलं.

नाना म्हणाले, "कोणता माणूस? गाडीतून तुम्ही दोघंच उतरलात. आणि ताई, मला आधी हे सांगा, मी घर विकतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं? मुलाकडे सुरतला जायचं मी आज सकाळी ह्या ओट्यावर बसून मनात ठरवलं. अजून बायकोलाही बोललो नाही!"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काय बोलला नाहीत?" पुढची दहा मिनिटं नानांची जी काही पूजा झाली, ती आम्ही तळ्याकडे बघत ऐकली.

एजंटला फोन लावला. तो म्हणाला, मी कुणालाही पाठवलेलं नाही. तेव्हा लक्षात आलं, पिंप्राळ्याचा पत्ता मी त्याला दिलाच नव्हता. मिस्टर घामाघूम. गावात चौकशी केली, तसा माणूस कुणालाच माहीत नाही. मी मात्र घाबरले नाही. का ते विचारू नका, मलाही नवल वाटतं. उलट आखाजीला कुणीतरी आपल्याला घ्यायला आलं, ह्याच गोष्टीने मी दिवसभर खुशीत होते. डांगर घरी नेलं, दुसऱ्या दिवशी घागरीवर ठेवलं आणि मग कापून खाल्लं. साखरेसारखं गोड.

घर आम्हीच घेतलं. पावसाळ्यानंतर राहायला आलो. लाइट जाते, नेटवर्कला अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहावं लागतं, पण मी इतकी सुखात कधीच नव्हते. मिस्टर पहाटे तळ्यावर फिरायला जातात आणि बाजाराच्या दिवशी पिशव्या भरून भाजी आणतात, दोघांना आठवडाभर संपत नाही एवढी. नाशिकचं नाव काढत नाहीत.

मग यंदाची आखाजी आली. लिंबाला दोर बांधून झोका केला, सांजोऱ्या तळल्या. मनात म्हटलं, तो माणूस आला तर आज त्याने नाव सांगितल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. दुपारच्या आत दारात गाडी थांबली. दार उघडून उतरला... बापू! केस पांढरे झालेले, हातात डांगर. मला बघून खाली मान घालून उभा राहिला.

"अक्का," म्हणाला, "तू माणूस पाठवलास, मग मी कसा बसून राहणार? चूक माझी होती आणि घ्यायला तू पाठवलंस. लाज वाटली मला."

"कोणता माणूस?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण बापू थांबेचना.

"तुझा तो टोपीवाला गं! दारात येऊन म्हणाला, अक्का वाट दखी राहिनी, चाल. सगळा रस्ता त्यानेच दाखवला. आता मागे बसला होता, कुठे उतरला? उतरताना बघितलं तर सीटवर हे डांगर तेवढं."

मिस्टर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "हो रे बापू. मीच पाठवला होता. ये आत."

मिस्टर "चहा ठेवतो" म्हणत आत गेले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या दिवशीइतके ते मला कधी आवडले नाहीत. बापूने मला झोक्यावर बसवलं आणि लहानपणी द्यायचा तसा एवढा जोरात झोका दिला की मी किंचाळले. मग दोघंही रडलो. मग सांजोऱ्या खाल्ल्या.

तो माणूस कोण होता? आमच्या माहेरचा कुणी? नानांच्या घरातला कुणी? आम्हा दोघांनाही आधी पाऊल टाकायचं नव्हतं, हे त्याला कसं कळलं? मी डोकं खाजवून थकले. उत्तर नाही, आणि ते मिळेलसं वाटतही नाही.

बापू, तुझी बायको हे सदर न चुकता वाचते, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुझ्या कानावर जाईलच. मी कुणालाही पाठवलं नव्हतं रे. तुझी आठवण रोज यायची, पण मी पाठवलं नव्हतं. पुढच्या आखाजीला कुणाची वाट बघू नकोस, सरळ निघून ये. फक्त गाडीचं मागचं सीट मोकळं ठेव.