दहावा माणूस

टिर्झा आठवडाभर म्हाताऱ्यांना उचलते. नॉर्थ यॉर्कच्या एका नर्सिंग होममध्ये, पहाटे साडेपाचची बस पकडून, गेली एकोणीस वर्षं. कुणाची अंघोळ, कुणाचं डायपर, कुणाच्या शिव्या. घरी आलं की लाँड्री, ग्रोसरी आणि नवऱ्याच्या, बेंजामिनच्या, डायबेटिससाठी वेगळा स्वयंपाक. अशा बाईने वीकेंडला कुठेतरी जाऊ म्हटलं, तर कुणाच्या पोटात दुखायचं काही कारण नव्हतं.

पण दुखायचं. टोरंटोत कोकणातून आलेल्या बेने इस्रायल यहुद्यांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, आणि दहावा हमखास बेंजामिन. मॉन्ट्रियलचं हॉटेल दोनदा कॅन्सल झालं, नायगाराच्या वाटेवरून एकदा गाडी वळली. "पुढच्या महिन्यात नक्की जाऊ गं," बेंजामिन म्हणायचा, आणि टिर्झा मुकाट्याने दहा जणांचं मटण नारळाच्या रसात शिजत घालायची.

या ऑक्टोबरात तिने तळ्याकाठचं टोबरमोरी गाव ठरवलं. तिथलं पाणी म्हणे निळंशार. डिसेंबरात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, आणि मोटेल सोमवारपासून हिवाळ्यासाठी बंद होणार होतं. शुक्रवारी दुपारी निघायचं, सूर्य मावळायच्या आत पोचून शब्बाथचे दिवे लावायचे, शनिवारी शब्बाथच्या विसाव्याचा नियम पाळून गाडीला हात न लावता पाण्याकाठी पायी फिरायचं, रविवारी परत. धर्मालाही नाव ठेवायला जागा नव्हती.

शुक्रवारी अकराला बेंजामिनच्या मित्राचा, एलियासचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"उद्या आईचं वर्ष आहे रे. नऊच होतायत. तू आलास तर तिच्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणता येईल."

बेंजामिनने हातातली बॅग खाली ठेवली. ते पाहिलं मात्र, टिर्झाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एलियासभाऊ, ह्यांच्याऐवजी मी येते. मला धरा दहावी."

"वहिनी, तुम्ही या ना. जेवणाचं तर तुम्हीच बघाल. पण मोजायचं म्हणजे... आपल्यात तसं नाही."

"तुमच्या आईला शेवटचे तीन महिने भरवलं कुणी? पुसलं कुणी? तेव्हा आपल्यात कसं होतं?"

मग एलियास सॉरी म्हणाला.

"मोजायला नाही ना मी? मग नसले तरी चालेल," टिर्झा म्हणाली आणि तिने गाडीची किल्ली उचलली.

"अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे!" बेंजामिन दारापर्यंत आला.

"तुम्ही राहा. त्यांची आई होती, तुम्ही राहायलाच हवं. मी निघाले."

हायवेवर ती आजवर एकटी गेली नव्हती. चार तास ती गाडीत मोठमोठ्याने भांडत होती. एलियासशी, बेंजामिनशी आणि सगळ्यात जास्त स्वतःशी, कारण एवढी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती ती तीच. मोटेलवर पोचून तिने दोन मेणबत्त्या लावल्या. शनिवारी काठी टेकत ती पाण्याशी गेली. पाणी खरंच निळं होतं. ते बघून तिला आनंद व्हायच्या आधी संतापच आला. एवढंसं चार तासांवर होतं, आणि एकोणीस वर्षं लागली.

रविवारी ती परतली, तेव्हा बेंजामिन सिंकपाशी टोस्ट खात उभा होता.

"कशी झाली प्रार्थना?"

"कद्दिश झालंच नाही. ऐनवेळी दहांतल्या इतामारला ताप भरला. नऊच उरलो. एलियास रडला गं."

त्या म्हातारीची हनुवटी टिर्झाने किती वेळा पुसली होती. पण राग काही केल्या खाली बसेना.

"आणि मी तिथे असते तर?"

"तरी नऊच," बेंजामिन सवयीने बोलून गेला, आणि मग त्याला तिच्याकडे बघवेना.

"लावा एलियासभाऊंना फोन. विचारा, नऊ पुरुष आणि त्यांच्या आईला पुसणारी मी, असे मिळून किती होतो आम्ही? मोजून सांगा म्हणावं."

बेंजामिनने फोन हातात घेतला, पण नंबर लावला नाही. टिर्झाने त्याच्या हातून फोन घेतला आणि स्वतः लावला.