गरुडाच्या लोगोला येणारा वास

आमच्या घरात देवाचाच फोटो नाही, तर भुताला जागा कुठून असणार? बुद्ध आणि बाबासाहेब, एवढेच दोघे भिंतीवर. लहानपणी कुणी हडळीच्या गोष्टी काढल्या की माझे बाबा म्हणायचे, "लाइट लावा, जाईल." मीही त्यांचीच मुलगी. त्यामुळे पुढचं वाचून हसलात तरी मला राग नाही... फक्त जेवत असाल तर नंतर वाचा.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सरनाईक साहेबांचा जर्सी बनवायचा गाळा आहे, तिथे प्रॉडक्शन बघते. शाळांच्या टीम, कंपन्यांच्या टुर्नामेंट, असली आमची कामं. मागच्या वर्षी पहिल्यांदाच परदेशातून ऑर्डर आली. इंग्लंडचा एक फुटबॉल क्लब. टीव्हीवर दिसतात त्यातला नाही हां, पार खालच्या लीगमधला, एका लहानशा गावातला. नाव मुद्दाम सांगत नाही. साहेबांनी गाळ्यात पेढे वाटले.

त्या क्लबला नवा मालक मिळाला होता आणि त्याने सगळंच बदलायला काढलं होतं. जुनी जर्सी तपकिरी होती, नवी आकाशी. जुन्या लोगोत चौकटीवर ताणलेलं कातडं आणि दोन मुठींची वाकडी सुरी होती. नव्या लोगोत गरुड. आता गरुडाचा आणि त्या गावाचा काय संबंध, म्हणून मी सहज नेटवर शोधलं. तिथल्या जुन्या समर्थकांनी सगळा इतिहास लिहून ठेवलाय. गावात नदीकाठी कातडी कमावायचे कारखाने होते. तिथल्या कामगारांनी हा क्लब काढला. मॅचनंतर दोन्ही टीमनी एकत्र चहा घ्यायची पद्धत होती, पण यांच्या अंगाला वास येतो म्हणून समोरचे यांच्याबरोबर बसायचे नाहीत. मग यांनी काय केलं? तेच कातडं आणि तीच सुरी छातीवर लावली. "आम्ही कातडी कमावणारे" — हेच क्लबचं टोपणनाव झालं. कारखाने कधीच बंद पडले, नाव तेवढं राहिलं होतं. तेही आता गेलं.

वाचून बरं वाटलं नाही, पण काम ते काम.

आकाशी जर्सी शिवून तयार झाल्या. ढीग दोन-तीन दिवस माझ्या टेबलाशेजारीच पडून होता. नव्या कापडाचा वास येतो तेवढाच, बाकी काही नाही. मग शीटवर छापलेले लोगो हीट प्रेसखाली गरम दाबून जर्सीवर चिकटवायचं काम सुरू झालं. सकाळची वेळ, गाळ्यात भरपूर उजेड. प्रेस चालवणारे खानचाचा नाकावर रुमाल धरून माझ्याकडे आले.

"मॅडम, इधर कुछ मरा है."

मी गेले. आणि खरं सांगते, माझ्या तोंडाला पाणीच सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मेलेल्या उंदराचा वास मला माहीत आहे. गटाराचा माहीत आहे. हा त्यातला नव्हता. सडकं मांस, त्यात काहीतरी तिखट, डोळ्यांना झोंबणारं. आम्ही मशिन सरकवली, माळा बघितला, प्लंबर बोलावला. काही नाही. शेवटी खानचाचांनी दोन बोटांच्या चिमटीत एक तयार जर्सी उचलली आणि माझ्यापुढे धरली. वास तिचाच होता. लोगो लावलेली प्रत्येक जर्सी तशीच. लोगो न लावलेल्या स्वच्छ.

मी लोगोवर बोट फिरवलं. बुळबुळीत. कोरडं कापड होतं हो, पण बोटाला चिकट लागलं... आणि बोटावर केस आले. आखूड, राठ, तांबूस केस. माणसाचे नाहीत. मी बेसिनवर साबणाने हात घासत राहिले आणि मग तिथेच ओकले.

बाहेर आले तर ऑर्डर सांभाळणारा निलेश उभा. माझ्याच वयाचा, रोज एकत्र डबा खातो आम्ही. म्हणाला, "मनीषा, पॅकिंग तूच करून टाक ना. तुम्हा लोकांना सवय असेल या वासाची."

"तुम्हा लोकांना म्हणजे?"

"अगं, चिडतेस काय? जोक केला यार."

त्या क्षणी त्या जर्सीची जेवढी किळस आली नव्हती, तेवढी त्या हसऱ्या तोंडाची आली. त्या दिवसापासून मी डबा वेगळा खाते.

संध्याकाळी एक जर्सी दोन पिशव्यांत बांधून घरी नेली. का नेली, सांगता येत नाही. कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवावा असं वाटलं असेल. बाबांनी गॅलरीत पिशवीची गाठ सोडली आणि एकदम मागे सरकले. "हे घरात कुठून आणलंस?" असा चढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"कसला वास आहे बाबा?"

"चुन्यात मुरवलेलं कच्चं कातडं. केस काढायला हौदात टाकतात." ते खुर्चीत बसले. "तुझे आजोबा धारावीच्या टॅनरीत हौदावर होते. घरी आले की आई त्यांना आधी बाहेर आंघोळ घालायची. तरी जायचा नाही. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. दीक्षा घेतली आणि आजोबांनी ते काम सोडलं. त्यानंतर हा वास मला आज आला."

मी त्यांना मोबाइलवर जुना लोगो दाखवला आणि क्लबची गोष्ट सांगितली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"गोऱ्यांनी हे स्वतःहून छातीवर लावलं होतं?"

"हो."

"आणि काढायला कुणी लावलं?"

"नव्या मालकाने."

बाबांनी मोबाइल माझ्या हातात दिला. पिशवीला गाठ मारली आणि स्वतः खाली कचऱ्यात टाकून आले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, एक ट्राय करू. त्याच ढिगातली आकाशी जर्सी घेतली. क्लबच्या फाइलमध्ये जुन्या लोगोचं डिझाइन होतंच. आमच्याच मशिनवर, त्याच शीटवर, त्याच शाईत ते छापलं. खानचाचांनी त्याच प्रेसवर दाबलं. साहेबांनी जर्सी नाकाला लावली. काही नाही! लगेच दुसऱ्या जर्सीवर गरुड दाबला. प्रेस उघडली तशी सगळे दाराकडे पळाले. साहेब पांढरेफटक. "लॅबला पाठवू," एवढंच म्हणाले. लॅबने कळवलं — साधं पॉलिस्टर, साधी शाई, बाकी काही आढळलं नाही. नमुना उघडल्यावर वास आला का, असं मी फोनवर विचारलं तर समोरचा माणूस म्हणाला, "कसला वास?"

क्लबचं काम बघणारा डॅनियल नावाचा माणूस होता. व्हिडिओ कॉलवर मी त्याला सरळ सांगितलं, की गरुडाच्या लोगोला कातड्याचा वास येतोय, जुन्याला येत नाही. तो हसला. इंग्रजीत म्हणाला, "जुन्या फॅन्सनी तुम्हालाही गाठलं का?"

"मला कुणी गाठलेलं नाही. जुना लोगो ठेवता येणार नाही का?"

"मॅडम, मेलेल्या गुरांच्या नावाने आपली ओळख व्हावी असं कुठल्या क्लबला वाटेल? लोकांना स्वच्छ काहीतरी हवं असतं."

'स्वच्छ' हा शब्द त्याने ज्या चेहऱ्याने उच्चारला, तो चेहरा मला ओळखीचा होता.

साहेबांनी माल पाठवला. त्यांना दोष देत नाही, गाळ्यावर इतकी घरं चालतात. पण त्या खोक्यांना मी हात लावला नाही. तिकडून माल मिळाल्याचा मेल आला, तक्रार एका शब्दाची नाही. मला वाटलं, संपलं.

मग नव्या जर्सीतली त्यांची पहिली मॅच झाली. समर्थकांच्या पानावर कुणीतरी मोबाइलवर काढलेली क्लिप टाकली होती. ती मी दुपारी गाळ्यात बसून बघितली. छोटंसं मैदान, पत्र्याचा स्टँड. स्टँडमधले सगळे — म्हातारे, बायका, खांद्यावर बसलेली पोरं — नाक धरून उभे. कुणी ओरडत नव्हतं. डॅनियलला विचारलं तर त्याने कळवलं, हा जुन्या फॅन्सचा ठरवून केलेला निषेध आहे, लक्ष देऊ नका.

असेलही. मी मानायला तयार आहे.

पण क्लिपच्या शेवटी कॅमेरा गोलकडे वळतो. बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. त्यांचा गोलकीपर, विशी-बाविशीचा पोरगा, त्या थंडीत जर्सी डोक्यावरून ओढून काढतो, लांब फेकतो आणि गोलपोस्टला धरून ओकतो. मग उघड्या अंगाने उभा राहून स्वतःच्या बोटांकडे बघत राहतो... आणि बोटं चड्डीला पुसायला लागतो. परत परत.

त्याच्या बोटांना काय लागलं होतं, ते मला माहीत आहे. ते तिथे कुठून आलं, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही.