कराची सोडून आष्ट्याला

लग्न झालं आणि मी आष्ट्याहून थेट कराचीला गेले. माझे थोरले दीर तिथं गोदीत कामाला होते आणि आमचे मालक लष्कराचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात कापणीवर. लढाई चालू असताना त्यांनी किती खाकी कापली असेल ते अल्ला जाणे. घरी स्वतःची एक मशीनही होती, तिच्यावर वस्तीतलं शिवण यायचं. आपसांत आम्ही आष्ट्याचीच बोली बोलायचो. नळाला पाणी होतं, संध्याकाळी समुद्राचा वारा यायचा. मी तिथं सुखात होते. कराचीनं माझं काही वाईट केलं नाही, हे आधीच सांगायला हवं.

मग देशाचे दोन देश झाले आणि आम्ही जागचे न हलता परमुलखात जाऊन पडलो. आजूबाजूची सिंधी हिंदू घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. एका दुपारी दीर एक किल्ली घेऊन आले.

"मागच्या गल्लीतलं दुमजली घर," ते मालकांना म्हणाले. "ही घरं वाटत्यात त्या हापिसात माझी वळख हाय. तुझ्या नावावर करून देतो. कायमचं हितंच ऱ्हावा."

मालकांचा चेहरा उजळला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला दुमजली घर म्हणजे काय वाटेल, ते मला कळत होतं. आम्ही तिघं बघायला गेलो. खाली रंगीत फरशी, वर गॅलरी, गॅलरीतून लांबवर जहाजांच्या डोलकाठ्या दिसत. घर माझ्याही मनात भरलं. पण त्या घरातल्या बाईला मी ओळखत होते. तिच्या लेकीच्या झंपराला काजं मी केली होती. मी जिना उतरून खाली आले.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "आष्ट्यात काय हाय आपलं? अर्धा एकर रान, त्यातबी वाटेकरी."

"आपलं पोट रानावर कवा भरलं?" मी म्हणाले. "मशीनवर भरतंय. मशीन आष्ट्यातबी चालती."

दीर दारातच उभे होते. त्यांच्यासमोर मी तोवर कधी मान वर करून बोलले नव्हते. ते म्हणाले, "सगळी दुनिया हिकडं येतीया आन् तुमी तिकडं जानार?"

पदर सावरून मी त्यांच्याकडं बघितलं. "भाईजान, तुमचं काम हितं हाय, तुमी ऱ्हावा. आपले अब्बा आष्ट्यात एकले हायत. त्येंच्या अंगातला सदरा कोन शिवनार? आन् दुसऱ्याच्या घरात मला झोप लागायची न्हाई."

दीर रागावले नाहीत. किल्ली खिशात टाकून निघून गेले.

मालकांनी तोंडानं होकार असा दिलाच नाही. एका सकाळी मशीनचं डोकं पायांपासून सुटं केलं आणि माझ्या गोधडीत गुंडाळायला बसले. मी चुलीकडं तोंड फिरवून हसून घेतलं. जहाजावर चढवायला दीर स्वतः आले, मशीनचे पाय त्यांनीच खांद्यावरून आणले. भावाभावांनी एकमेकांना मिठी मारली ती सुटता सुटेना.

जहाजात सगळी गाव सोडून निघालेली माणसं. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्या सिंधी बाईनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "तुम्हारा मुलुक कौनसा?"

"सातारा जिल्हा," मी सांगितलं.

"फिर तो तुम घर जा रही हो," ती म्हणाली आणि आपलं बोचकं ओढून तिनं मला पाय पसरायला जागा दिली. तिचं घर मागं राहिलं होतं. तरी तिनं जागा दिली.

मुंबईहून मिरज, तिथून सांगली. सांगलीत उतरताच हळदीचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आष्ट्याला मोटार थांबली तेव्हा सासरे पारावर बसले होते. त्यांनी आधी मुलाचा चेहरा चाचपला, मग मशीनचा लोखंडी पाय. म्हणाले, "ही बी आली व्हय?"

पहिले काही आठवडे अवघड गेले. दुकान मांडलं, पण गिऱ्हाईक येईना. पाकिस्तानातून आलेली माणसं म्हणून लोक लांबून बघत, दोन शब्द बोलत आणि पुढं जात. मालक रिकामी कात्री चालवत बसत. मला एकही टोमणा त्यांनी मारला नाही, त्यानं उलट जास्त लागायचं.

मग गल्लीतले पेन्शनर सुभेदार कोटाचं कापड काखेत मारून आले. त्यांच्या लेकीचं लग्न मेढ्याकडच्या मुलाशी ठरलं होतं.

"गड्या, कराचीत सायबांचे कोट शिवलास म्हनं. माझ्या जावयाला तसा शिव. फिरंगी लोकास्नी शोभतोय तर आमाला का न्हाई शोभनार?"

मालकांनी तो कोट जीव ओतून शिवला. काजं माझी. लग्नात नवरा मांडवात आला तेव्हा मेढ्याची सगळी वऱ्हाडी मंडळी नवरीकडं बघायचं सोडून त्या कोटाकडं बघत होती. खांदे असे बसले होते की अंगावरच कापड वाढलंय असं वाटावं. पंगतीतच दोघांनी तसल्याच कोटासाठी मालकांना गाठलं.

त्या लग्नसराईत आम्हाला जेवायला फुरसत मिळाली नाही. कापडांचे गठ्ठे खाटेखाली, फळीवर, सासऱ्यांच्या उशाला. सांगलीहून माणसं विचारत यायची, "कराचीवाला कुठं बसतो?" ज्या गावाला आम्ही नाही म्हणून आलो, त्याच गावाच्या नावानं आम्हाला गिऱ्हाईक मिळालं. मालकांना ते नाव फार आवडायचं. मला पण.

पुढच्या वर्षी सांगलीहून दुसरी मशीन आणली. मोटारीच्या टपावरून ती उतरवायला सुभेदारांसकट अर्धी गल्ली धावली. मला वाटलं, एखादा कारागीर ठेवतील. मालकांनी ती आपल्या मशीनशेजारी लावली, पट्टा चढवला, तेल घातलं आणि मला म्हणाले, "बस."

बायका दुकानात बसत नसत त्या काळी. सासरे उंबऱ्यावरच होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते रस्त्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बायांनू, झंपरं शिवायची असली तर आत जावा. माझी सून शिवती." आणि मी पायडल दाबलं.