सावेडी ते तिसगाव, विनाआवाज

स्टाफरूममध्ये कुठलाही साधा प्रश्न टाकून बघा. उत्तर मिळत नाही, किस्सा मिळतो! त्या किश्श्याला दुसऱ्याचा किस्सा चिकटतो, त्याला तिसऱ्याचा, आणि डब्यातली पोळी गार होऊन जाते. मी वर्षभर एकच विचारत होते, "इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?" धड सल्ला एकानेही दिला नाही. जे मिळालं ते असं होतं की घरी जाऊन मी गेटची कडी दोनदा तपासायचे.

आधी मंडळी सांगते. आम्ही चौघं नगरला सावेडीत राहतो आणि रोज तिसगावच्या हायस्कूलला जातो. मी गणित शिकवते. भिंगारदिवे सर विज्ञान. कार्याला कारण असतंच, असं मानणारा माणूस. मरकड मॅडम मराठी; वर्गात प्रमाण भाषा आणि गाडीत बसल्या की थेट पाथर्डी तालुका. पालवे सर पी.टी.चे.

गाड्या दोनच. एक आठवडा भिंगारदिवे सरांची, एक आठवडा माझी. माझी अकरा वर्षांची पेट्रोल गाडी येताना करंजी घाट चढायची ती दम्याच्या पेशंटसारखी. सरांनी गेल्या दिवाळीत इलेक्ट्रिक घेतली आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

*

पहिल्याच दिवसाची गोष्ट. मी आमच्या कोपऱ्यावर रस्त्याकडे पाठ करून उभी. मोबाईलवर भाचीशी बोलत होते. बोलता बोलता मानेवर काहीतरी जाणवलं. कुणीतरी अगदी मागे उभं राहून आपलं बोलणं ऐकतंय, तसं.

वळून बघते तर काय! माझ्यापासून दोन हातांवर गाडीचं नाक. आत भिंगारदिवे सर, आणि मागे मरकड मॅडम गालावर हात ठेवून बसलेल्या.

"कधी आलात?"

"पाच मिनिटं झाली," सर म्हणाले. "तुमचं चाललं होतं, म्हटलं होऊ द्या."

मी दार उघडून बसले. मरकड मॅडम म्हणाल्या, "मेलेलं मानूस येतं ना, ते बी जरा पाय वाजवीत येतं!"

*

पालवे सरांची आई तिसगावजवळच्या वस्तीवर राहते. तिथे तीन कुत्री. पोस्टमन असो, दूधवाला असो, खुद्द पालवे सर असोत, भुंकून भुंकून अंगावर येतात. पेरू न्यायला एकदा शाळा सुटल्यावर आम्ही सरांच्या नव्या गाडीतून वस्तीवर गेलो.

कुत्री भुंकली नाहीत.

तिन्ही उठली, गाडीकडे बघितलं आणि एकामागे एक बाजेखाली जाऊन बसली. शेपट्या आत. मी म्हटलं, "बघा, आवाज नाही तर किती शांतता!" आई ओसरीवर उभ्या होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत. 'या' म्हणाल्या नाहीत, की 'बसा' म्हणाल्या नाहीत. स्वतःच्या मुलाकडेही परक्यासारखं बघत आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

"घ्या," म्हणाल्या. "माह्यासमोर घ्या."

आम्ही उभ्या उभ्या चहा घेतला. त्या प्रत्येकाच्या कपाकडे बघत होत्या. शेवटचा घोट पालवे सरांनी घेतला तेव्हा त्यांनी हुश्श केलं आणि चटई टाकली.

"बसा आता," म्हणाल्या. "त्यान्ला पेवत न्हाई. खाली सांडतं."

'त्यान्ला' म्हणजे कुणाला, हे कुणीच विचारलं नाही. पालवे सरांनी तेवढं हळूच खाली वाकून आमच्या पायांशी बघितलं.

*

सरांची पाळी असली की ते गाडी प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीशी लावायचे. हेडमास्तरांच्या परवानगीने तिथल्या प्लगवर चार्जिंग. चार्जिंग चालू असताना गाडीतला पंखा मधूनच सुरू होतो. घर्र... घर्र... आणि थांबतो. अगदी घोरल्यासारखा. आमचे शिपाई गोरखमामा पहिल्यांदा फार घाबरले होते, पण सरांनी त्यांना बॉनेटला कान लावायला सांगून सगळं नीट समजावलं. मामांचं समाधान झालं. पुढे पुढे तर ते मुलांनाच समजावून सांगायचे.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत मामा स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"सर, आज तुमची गाडी न्हाई ना आली?"

"नाही, या आठवड्यात मॅडमची."

मामांनी टोपी काढली, परत घातली. "मंग लॅबमागं घोरतंय कोन?"

सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्याने हसले. आम्ही चौघं आणि मामा मागे गेलो. ऊन नुसतं रखरखीत. भिंत, प्लग, जमिनीवर टायरचे जुने ठसे. आवाज बिवाज काही नाही. सरांनी मामांच्या पाठीवर थाप मारली आणि जाता जाता सहज प्लगवर हात ठेवला.

हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"गरम आहे," सर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कारण सांगितलं नाही!

*

मधल्या काळात घरी वेगळंच चाललं होतं. माझे मिस्टर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीला एक स्पेअर लागतो. ते म्हणाले, "प्लगवाली हायब्रीड घे. विजेवरही चालते, पेट्रोलवरही. एक बंद पडलं तर दुसरं आहे."

मी हे गाडीत सांगितलं. मरकड मॅडम म्हणाल्या, "दोन घरचा पाव्हना उपाशी!"

विषय संपला.

*

पण खरी भीती मला वेगळीच होती. रस्त्यात चार्ज संपला तर? ती वेळही आली, आणि नेमकी मी गाडीत असताना.

त्या दिवशी शाळेत सकाळपासून लाईट नव्हती. चार्जिंग झालंच नाही. सर म्हणाले, आरामात पोचतो. निघालो. घाट चढता चढता आकडा असा पडायला लागला की विचारू नका. वर आलो तेव्हा स्क्रीनवर अकरा किलोमीटर. घर त्याहून बरंच लांब. एसी बंद, काचा खाली, वेग सायकलचा. सात. चार. एक.

आणि मग शून्य.

गाडी चालतच राहिली. इंजिनाचा आवाज असता तर निदान ऐकून अंदाज आला असता. इथे काहीच नाही. शून्याचा आकडा आणि टायरखाली खडी. शेजारून उसाची ट्रॉली आम्हाला मागे टाकून गेली. भिंगार मागे पडलं तरी शून्यच, आणि गाडी चालतेच आहे.

"सर, ही कशावर चाललीय?" पालवे सरांनी हळू आवाजात विचारलं.

"शून्य झालं तरी कंपनी आत थोडं राखून ठेवते."

"किती?"

"ते सांगत नाहीत."

मग मरकड मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचं असंच झालं. डॉक्टरांनी सोमवारीच सांगितलं हुतं, आता काही राह्यलं न्हाई म्हनून. गुरुवारपर्यंत बोलत हुत्या. चांगल्या बोलत हुत्या. फक्त आमच्याशी न्हाई."

सरांनी गाडी थेट आपल्या घराच्या प्लगशी नेऊन उभी केली. उतरल्यावर मी बॉनेटला हात लावून बघितला. गाडी आपली गार!

*

एवढं ऐकून-बघूनही मी रविवारी सकाळी मनमाड रोडवरच्या एका शोरूममध्ये गेले, कारण माझ्या गाडीच्या क्लचने आदल्या दिवशी मान टाकली होती. तिथल्या काळे मॅडम टेस्ट ड्राईव्हला सोबत आल्या. मी बसले, बटण दाबलं. स्क्रीन उजळली आणि गाडी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, विलासराव. घरी जायचं?"

काळे मॅडमनी घाईने स्क्रीनवर बोट फिरवलं. "सॉरी हं. एक कस्टमर होते. बुकिंग केलं होतं. गाडी यायची होती, तोवर दर रविवारी येऊन हीच चालवायचे. हौसेने नाव, घरचा पत्ता, सगळं टाकलं होतं त्यांनी."

"मग?"

"डिलिव्हरीच्या चार दिवस आधी गेले. हार्ट अटॅक." त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "नाव काढतो आम्ही. दोन दिवसांनी परत येतं."

प्रश्न अजून स्क्रीनवर होता; का कोण जाणे, मी 'हो' दाबलं.

गाडीने रस्ता दाखवला. मी चालवत राहिले. मुख्य रस्ता सोडला, दोन वळणं, एक शाळा, मग बंगल्यांची गल्ली. "तुम्ही पोचला आहात," गाडी म्हणाली. समोर एक छोटा बंगला. पोर्चच्या भिंतीवर चार्जिंगचा डबा बसवलेला, अजून प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. खाली गाडीची जागा रिकामी.

हॉर्न मी दिला नव्हता. गाडीला आवाज नव्हता. तरी दार उघडलं आणि साठीच्या एक बाई हात पदराला पुसत बाहेर आल्या. सरळ ड्रायव्हरच्या खिडकीशी.

"आणली का?" म्हणाल्या. आणि मग मला बघितलं.

मी माफी मागितली, कशाबद्दल तेही सांगता येईना. त्यांनी गाडीच्या छतावर हात फिरवला. "रंग हाच सांगितला होता त्यांनी," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "बसू का एकदा?"

काळे मॅडम उतरून मागे बसल्या. बाई माझ्या शेजारी. आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. वाटेत त्या डोळे मिटून नुसतं ऐकत होत्या. उतरताना म्हणाल्या, "आवाज खरंच नाही हो! मला वाटायचं, बढाया मारतात."

शोरूमवर परत येईपर्यंत माझं ठरलं होतं. वर्षभर लोकांना विचारत काय बसायचं? माणसाला घ्यायचं असेल तर घ्यावं, आणि चालवावं. त्याच दुपारी बुकिंग केलं. रंग मात्र दुसरा.

*

आता हे गेल्या महिन्यातलं.

माझी गाडी यायला अजून अवकाश होता, म्हणून रोज सरांचीच. सर चालवायला, मी पुढे, मागे दोन खिडक्यांशी पालवे सर आणि मरकड मॅडम. एका सकाळी घाट लागला आणि पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी ओरडायला लागली. टिंग, टिंग, टिंग. स्क्रीनवर मागच्या मधल्या सीटचं लाल चिन्ह. कुणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही!

"बॅग असेल," सर म्हणाले.

मधे बॅग नव्हती. पालवे सरांनी सीटवर थापा मारल्या. टिंग, टिंग. घाट उतरून करंजी गाव आलं आणि आवाज बंद.

दुसऱ्या दिवशी तेच वळण, तोच आवाज. तिसऱ्या दिवशीही. फक्त जाताना. येताना कधीच नाही. सरांनी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. सेन्सर ओके. वायरिंग ओके. तरी त्यांनी सेन्सर बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी वळणावर टिंग, टिंग, टिंग.

शेवटी मरकड मॅडमनीच हात लांब केला, मधला बेल्ट ओढला आणि रिकाम्या सीटवर लावून टाकला.

आवाज थांबला.

तेव्हापासून रोज घाटाच्या अलीकडे मॅडम तो बेल्ट लावायच्या आणि करंजीला काढायच्या. सर स्टिअरिंगवरून नजर हलवायचे नाहीत. आणि हळूहळू एक झालं. पालवे सर दाराला चिकटून बसायला लागले. एवढा पी.टी.चा माणूस, पण अंग चोरून. मॅडमही.

मग माझी गाडी आली. सरांच्या गाडीहून कंपनी वेगळी, शोरूम वेगळं, सेन्सर वेगळे. हार घातला, पेढे वाटले आणि सोमवारी सकाळी मी तिघांना घेऊन निघाले. सर पुढे, माझ्या शेजारी. गाडी लोण्यासारखी चालत होती. पालवे सर ऐसपैस बसले होते. सर पुष्कळ दिवसांनी मोकळे हसत होते. "आता माझी विकून टाकतो," म्हणाले, "तिच्यातच काहीतरी होतं."

घाटाच्या अलीकडे मी आरशातून मरकड मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नको. नवी गाडी आहे.

मोठं वळण आलं.

टिंग, टिंग, टिंग.

सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. मागे पालवे सर हळूच दाराकडे सरकले. मॅडमनी बेल्ट ओढून लावला. आवाज थांबला. उरलेला घाट मी कशी उतरले, मला आठवत नाही. पुढे रस्ता होता आणि चार माणसांचे श्वास होते, एवढंच.

करंजीच्या स्टँडपाशी बस उभी होती, म्हणून मी गाडी थांबवली. बेल्ट काढायला मॅडम वळणारच होत्या.

मागे 'टक' असा आवाज झाला.

मी आरशात बघितलं. मॅडमचे दोन्ही हात मांडीवर होते. पालवे सरांचे दोन्ही हात वरच्या कडीला. आणि मधला बेल्ट आत चालला होता. सुटल्यावर सट्‌कन जातो तसा नाही. सावकाश. हाताने धरून, हळूहळू सोडावा तसा.